जळगावचा सराफ बाजार, सुभाष चौक, दाणा बाजार: लग्नाची खरेदी एका दिवसात उरकेल का?

चोपड्याची_माहेरवाशीण
राम राम मंडळी. धाकट्या भावाचं लग्न ठरलंय, तुळशीचं लग्न झाल्यावर ज्या पहिल्या तारखा निघतात त्यातलीच एक धरलीये. मी पुण्यात असते, त्याच्या आधी चार दिवस माहेरी येतेय आणि त्यातला एकच दिवस जळगावच्या खरेदीला मिळणार आहे. सोबत आई, मामी, आत्या आणि मी. भाऊ येणार नाही म्हणे, त्याला "बायकांच्या खरेदीत" इंटरेस्ट नाही, लग्न मात्र त्याचंच आहे.

काम तीन. आजीच्या पाटल्या, बोरमाळ आणि पुतळ्यांची माळ अशी जुनी चीजवस्तू आहे, ती मोडायची का ठेवायची ते ठरवायचंय आणि नव्या नवरीसाठी पोत आणि एक हार घ्यायचाय. दुसरं, बस्ता. तिसरं, दाणा बाजारातनं डाळ, शेव आणि मसाल्याचं थोडं सामान, कारण पुण्याला परत जाताना माझी डिकी रिकामी गेलेली आईला चालत नाही.

माझ्या नवऱ्याचं म्हणणं, पुण्यात एवढी दुकानं असताना आणि सगळीकडे तोच हॉलमार्क असताना जळगावला कशाला जायचं. वडलांचं म्हणणं, सोनं जळगावचंच. दोघांचंही ऐकून झालंय, आता तुम्ही सांगा. लहानपणी आईचं बोट धरून या बाजारात फिरलेय पण तेव्हा लक्ष सगळं उसाच्या रसावर असायचं. गाडी कुठं लावायची, आधी कुठं जायचं, आईचे गुडघे दुखतात तर किती चालावं लागेल, सगळंच सांगा.

शेवभाजी_जास्त_तर्री
ताई आधी जेवणाचं ठरवा मग सोन्याचं. उपाशी बाई घडणावळीवर, म्हणजे दागिन्याच्या मजुरीवर, भांडू शकत नाही.

सुभाष_चौकाजवळचा
मी याच भागात लहानाचा मोठा झालोय म्हणून जरा सविस्तर लिहितो, लांबलं तर सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, चारचाकी घेऊन सुभाष चौकात शिरायचा विचारही करू नका. लग्नसराईत तिथं माणूस आडवा चालतो, गाडीचं काय घेऊन बसलात. गाडी स्टेशनकडच्या बाजूला कुठंतरी नीट लावा आणि तिथून रिक्षा करा, आईंना चालवू नका. रिक्षावाल्याला "टॉवर" म्हटलं तरी कळतं, शास्त्री टॉवर चौक. मनपाची ती सतरा मजली इमारत दिसली म्हणजे बाजार आलाच समजा, जळगावात हरवलेला माणूस त्या इमारतीकडे बघूनच जागेवर येतो. तिच्या शेजारी गोलाणी मार्केट, ते मोबाईल, कॉम्प्युटर आणि दुरुस्तीवाल्यांचं, तुमचं तिथं काही काम नाही. पुढं फुले मार्केट, तिथं रेडिमेड, चपला, बांगड्या, पोरांचे कपडे, आणि बाहेर हॉकर्सची एवढी दाटी की मनपा उठवते आणि संध्याकाळपर्यंत परत सगळे जागेवर. आणखी पुढं घाणेकर चौक, सुभाष चौक, सराफ बाजार आणि भवानी मातेचं मंदिर. दाणा बाजार त्याच्याच लगत. म्हणजे तुमची तिन्ही कामं एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर आहेत, फक्त ती हाक गर्दीत ऐकू येत नाही एवढंच.

क्रम असा ठेवा: सोनं सकाळी, दुकान उघडलं की पहिलं गिऱ्हाईक तुम्ही. तेव्हा दुकानदार निवांत असतो, काटा मोकळा असतो, मोड, म्हणजे मोडायचं जुनं सोनं, गाळायची असेल तर कारागीर जागेवर असतो. मग बस्ता, कारण तिथं गादीवर बसायला मिळतं, चहा मिळतो आणि आईंचे पाय सुटतात. दाणा बाजार शेवटी, कारण दहा किलो डाळ हातात घेऊन कोणी शालू बघत नाही. उलटा क्रम लावणारे लोक मी पाह्यलेत, संध्याकाळी सराफाकडे दमून पोहोचतात आणि तो म्हणेल त्या आकड्याला मान हलवतात.

हिशोबी_माणूस
भावना बाजूला ठेवून बोलतो. "सोनं जळगावचंच" याला आता काही अर्थ राहिलेला नाही. १ एप्रिल २०२३ पासून एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा वेगळा ओळख क्रमांक, नसलेला हॉलमार्कचा दागिना दुकानदाराला विकताच येत नाही. दागिन्यावर तीन खुणा बघायच्या: बीआयएसचं (भारतीय मानक ब्युरोचं) चिन्ह, शुद्धता म्हणजे २२ कॅरेटला ९१६ आणि सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी. बीआयएस केअर ॲपमध्ये तो नंबर टाकला की कोणत्या केंद्रात तपासलं, वस्तू कोणती, शुद्धता किती, सगळं समोर येतं. ९१६ पुण्यातही ९१६ आणि जळगावातही ९१६. मग पेट्रोल जाळून जायचं कशाला? जिजाजींचं म्हणणं बरोबर आहे.

निंबाखालचा_ओटा
वा, म्हणजे बाजार म्हणजे फक्त कॅरेट का? आमच्या आजोबांच्या काळी कुठला हॉलमार्क अन कुठलं ॲप. खान्देशातला कापसाचा शेतकरी कापूस विकला की पैसा बँकेत नाही, सराफाकडे नेऊन ठेवायचा. रेल्वे आली, कापूस मुंबईला जायला लागला आणि इथं रोकड फिरायला लागली, त्या रोकडीवर हा सराफा उभा राह्यला. १९०६ ला खान्देशाचे पूर्व-पश्चिम असे दोन जिल्हे झाले आणि जळगाव पूर्व खान्देशाचं ठाणं झालं, मग तर कचेरीच्या कामाला येणारा प्रत्येक जण बाजार करूनच परतायचा. राजमल लखीचंदची पेढी तर १८५४ सालची, म्हणजे इथं रेल्वे यायच्या आधीची. बुऱ्हाणपूर, बुलढाणा, अकोला, तिकडचे लोक अजून लग्नाचं सोनं घ्यायला इकडं येतात ते उगाच नाही. माणूस वजन आणि टंच, म्हणजे सोन्याची शुद्धता, यात फसणार नाही एवढ्या एका भरवशावर गाव मोठं झालंय.

हिशोबी_माणूस
भरवसा चांगलाच आहे हो, पण भरवशाचं बिल मिळत नाही.

निंबाखालचा_ओटा
तुम्ही एकदा आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या दिवशी सराफात उभे राहा भो, मग बोलू.

घडणावळ_किती
दोघंही थोडे थोडे बरोबर आहात पण ताईंचा पैसा जिथं वाचणार आहे ते कोणीच बोलू राह्यलं नाही. आमच्या घरात पिढीजात सोनारकी आहे म्हणून सांगतो.

शुद्धता सगळीकडे सारखी झाली हे खरं. दिवसाचा भावही सगळीकडे जवळपास सारखाच. फरक पडतो तो घडणावळीत आणि मोडीत. भाव समजा १० हजार रुपये ग्रॅम धरला, नुसता हिशोबासाठी. २० ग्रॅमचा हार म्हणजे दोन लाखाचं सोनं. घडणावळ ८ टक्के लावली तर १६ हजार, १२ टक्के लावली तर २४ हजार. त्यावर ३ टक्के जीएसटी, म्हणजे एक बिल २,२२,४८० चं आणि दुसरं २,३०,७२० चं. सव्वाआठ हजाराचा फरक, सोनं तेवढंच, शिक्का तोच. लोक भावात दहा-वीस रुपये कमी करायला घासाघीस करतात आणि घडणावळीचा टक्का विचारतच नाहीत. सराफ बाजारात दहा पावलांवर दुसरं दुकान आहे, त्यामुळं इथं टक्का खाली येतो. मॉलमधल्या शोरूममध्ये सेल्सगर्ल "सर फिक्स आहे" म्हणते, बिचारीच्या हातात तरी काय आहे. हिशोबी भाऊ, पेट्रोल इथं वसूल होतं.

आता मोड. पाटल्या जुन्या असतील तर बहुतेक पोकळ आणि आत लाख भरलेली. बोरमाळेचे मणी तर लाखेवरच असतात, वरून सोन्याचा पातळ पत्रा. काट्यावर जे वजन दिसेल ते सोन्याचं नव्हे. म्हणून वजनावर सौदा करू नका, "आधी गाळा, मग बोला" म्हणायचं. समोर गाळून घ्यायचं, लगडीचं वजन बघायचं आणि टंच मशीनवर बघायचा. गाळायच्या आधी घरून वजन करून न्या, प्रत्येक नगाचं वेगळं, आणि फोटो काढून ठेवा. खडे, काळे मणी, दोरा यांचं वजन सोन्यात धरलेलं नाही ना ते नवीन दागिना घेतानाही बघा, बिलावर निव्वळ वजन वेगळं लिहून मागा.

पुतळ्या मोडू नका. त्या भरीव असतात, त्यात लाख नाही, आणि आता तशी घडण करून घ्यायची तर मजुरी रडवते. पटवेकऱ्याकडे न्या, जुना दोरा काढून नवीन गोफात गाठवून देईल. नवरीला आजेसासूची माळ घातली तर हाराला कोण विचारतंय.

चोपड्याची_माहेरवाशीण
बापरे, हे सोनंच दिलंत. आईला वाचून दाखवलं, ती म्हणाली "पुतळ्या मोडायचं मी कधी म्हटलंच नव्हतं". म्हटलं होतं.

एक शंका, आजीच्या पाटल्यांवर काहीच शिक्का नाही. बिनशिक्क्याचं सोनं दुकानदार घेतो का? आणि आई म्हणते त्या १९६४-६५ मध्ये केलेल्या.

घडणावळ_किती
घेतो, ग्राहकाने आपलं जुनं सोनं विकायला हॉलमार्क लागत नाही, अट दुकानदाराच्या विक्रीला आहे. साल सांगितलंत ते बरं केलं. जानेवारी १९६३ मध्ये सरकारने सुवर्ण नियंत्रण आणलं, चीन युद्धानंतरचा काळ तो, आणि १४ कॅरेटच्या वर नवा दागिना घडवायला मनाई झाली. ती १४ कॅरेटची अट १९६६ मध्ये उठली, बाकी कायदा १९९० पर्यंत होता. माझे आजोबा सांगायचे की त्या तीन वर्षांत कितीतरी सोनारांनी धंदा सोडला, कोणी शेतात गेले कोणी मिलमध्ये. म्हणून त्या सालातल्या पाटल्यांचा टंच कमी निघाला तर दुकानदारावर लगेच संशय घेऊ नका, दुसरीकडे तपासून बघा. हॉलमार्किंग केंद्रात फी भरून स्वतंत्र तपासणीही करून मिळते. आणि त्यावेळी लोकांनी चोरून २२ पण घडवलंच हे वेगळं सांगायला नको.

तापीथडी
ताई आते सांगस ते ध्यानमा ठेव. सोनं लेवाले सकायमाच जावानं. आनि रस्तामा सोनानं बोलनं करू नका, बजारना कान मोठा ऱ्हातस.

चार बाया मिळून पिशवी एकीच्याच हातात द्या, चौघींत चार पिशव्या केल्या की एक विसरतेच. रोख फार नेऊ नका. दोन लाख किंवा त्याच्यावर रोख दुकानदाराला घेताच येत नाही, आणि दोन लाखाच्या वरच्या खरेदीला पॅन लागतं, ते सोबत ठेवा. मोडीचा मोबदला नव्या दागिन्यात वळता करा, हातात घेऊन फिरू नका.

आग्रा_रोड_धुळे
बस्त्यासाठी जळगाव? आमच्याकडं या की धुळ्याला. आग्रा रोडला एका रांगेत कापडाची दुकानं, पाचकंदीलला बाकीचं सगळं. आणि आमच्या गल्ल्या सरळ आहेत, कॅप्टन ब्रिग्जने १८१९ च्या सुमारास गाव आखूनच वसवलं, एक गल्ली चुकली तर पुढच्या गल्लीतनं परत तिथंच. तुमच्या जुन्या जळगावात शिरलेला माणूस बाहेर निघतो तो दुसऱ्याच पेठेत.

सुभाष_चौकाजवळचा
सरळ गल्ल्या आहेत म्हणून तर धुळ्यात कोणी रेंगाळत नाही 😄

आग्रा_रोड_धुळे
रेंगाळायला नाही, बस्ता बांधायला येतात लोक.

शेवभाजी_जास्त_तर्री
भांडा भांडा. तोवर मी जेवून येतो.

सूनबाई_रावेरच्या
बस्त्याबद्दल कोणी नीट लिहिलं नाही, सगळे पुरुष दिसतात. ताई, बस्त्याला जाण्याआधी घरी बसून नात्यांप्रमाणे यादी करा. मानाच्या साड्या वेगळ्या, आहेराच्या वेगळ्या. विहिणबाईची, वरमाईची, आत्याची, मामीची या आधी एका रंगाढंगात काढून बाजूला ठेवायच्या, यांच्यात डावं-उजवं झालं की पुढची दहा वर्षं ऐकावं लागतं. मग आहेराच्या, त्या एकाच भावातल्या गठ्ठ्याने घ्यायच्या. शालू सगळ्यात शेवटी आणि नवरीला व्हिडिओ कॉलवर दाखवूनच, आजकालच्या मुलींना रंग चालत नाही म्हणून परत यावं लागतं. टॉवेल-टोपी, उपरणी, ब्लाऊजपीस हे विसरतंच, दुकानदाराला "बस्ता आहे" असं पहिल्याच वाक्यात सांगा, तो स्वतः आठवण करून देतो आणि भावही बस्त्याचा लावतो. एक-एक साडी बघत बसलात तर तुम्ही किरकोळ गिऱ्हाईक.

आत्याबाई सोबत आहेत म्हणताय, त्यांची साडी त्यांच्याकडूनच निवडून घ्या. हा अनुभवाचा नाही, शहाणपणाचा सल्ला आहे.

चोपड्याची_माहेरवाशीण
आत्याची साडी 😂 तुम्ही आमच्या आत्याला ओळखता का?

सूनबाई_रावेरच्या
प्रत्येक घरात एक असतेच बाई.

दगडफूल
दाणा बाजाराचं माझ्याकडनं ऐका. मसाल्याची मिरची हिवाळ्यात घेऊ नका. नंदुरबारकडं ओल्या लाल मिरचीची आवक तेव्हा सुरू असते, पथाऱ्यांवर वाळायला टाकलेली असते, घरच्या वर्षाच्या मसाल्याला कडक वाळलेली हवी ती मार्च-एप्रिलात घ्यायची. आत्ता घ्या तूरडाळ, उडीद, आणि कळण्याच्या भाकरीसाठी ज्वारी-उडीद. डाळमिली इथं पुष्कळ, त्यामुळं डाळ ताजी मिळते, पुण्याच्या पाकिटात ती कधीची असते देव जाणे. सुकं खोबरं, दगडफूल, धने, गोडंबी (बिब्ब्याच्या बीतला गर) हे पण इथं. गोडंबी हातात घेऊन वास बघा, खवट लागली तर पुढच्या दुकानात. भाजीच्या शेवेसाठी तिखट जाड शेव वेगळी मागा, खायची बारीक शेव रश्श्यात टाकली तर पिठलं होतं.

आणि भरताची वांगी! ऐन हंगामात येताय. बळीराम पेठेकडं भाजीवाले बसतात तिथं बघा, हिरवट, पांढुरक्या रेघांचं, मोठं, हाताला हलकं लागणारं घ्यायचं. जड वांग्यात बिया जास्त. जळगावच्या भरीत वांग्याला आणि केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय, पण मानांकन वांग्यावर लिहिलेलं नसतं, पारख आपलीच. आसोदा, बामणोद, भालोद इकडचं आहे का विचारा. सगळे हो म्हणतील तरी विचारा.

आसोद्याचा_जावई
वांगी गॅसवर भाजणार असाल तर घेऊच नका. कपाशीच्या काड्यांवर भाजून लाकडी मुसळीने ठेचलं तर ते भरीत.

हिशोबी_माणूस
पुण्यात फ्लॅटमध्ये कपाशीच्या काड्या पेटवल्या तर सोसायटीची नोटीस येते. बाकी घडणावळीचा हिशोब पटला, मी टक्का कधी विचारला नव्हता एवढं कबूल.

रात्रपाळी
थोडं अवांतर. सराफ बाजारात पहाटे गेलाय का कोणी? दुकानं उघडायच्या आधी झारेकरी लोक गल्ली झाडतात, गटारीतला गाळ काढून घमेल्यात धुतात. कारागिरांच्या हातातनं, कपड्यातनं, कानशीतनं उडालेले सोन्याचे कण त्यात असतात. काही दुकानांतला केरसुद्धा पैसे देऊन घेतला जातो. आणि वरच्या माडीवर बंगाली कारागीर बसलेले, पोरगेलेसे, बारीक नळीनं फुंकर घालून डाग देताना, म्हणजे सोनं सांधताना, तासन्‌तास मान वर नाही. आपण खाली शोकेसमधला हार बघून "जळगावची घडण" म्हणतो ती बऱ्याचदा त्यांची असते. कामानिमित्त त्या वेळेला तिथनं जाणं व्हायचं म्हणून माहितीये.

निंबाखालचा_ओटा
अवांतर कसलं, हाच तर बाजार.

चोपड्याची_माहेरवाशीण
मंडळी, खरेदी झाली! वेळ झाला लिहायला, लग्नघर आहे, समजून घ्या. वृत्तांत देते.

सकाळी लवकर निघालो, मामी वाटेत भेटली. सुभाष चौकाजवळचे दादा, तुमचं ऐकलं, गाडी लांब ठेवून रिक्षाने टॉवरला गेलो. फुले मार्केटजवळ एवढ्या सकाळी पण हॉकर्स माल मांडत होते, आत्या तिथंच बांगड्यांपाशी थांबायला लागली, मामीनं दंड धरून पुढं नेली. सराफात दुकानाचं शटर नुकतंच वर गेलं होतं, धूप चालू होता. आम्ही बसलो आणि मामी म्हणाली, "आधी गाळा, मग बोला." दुकानदाराने मामीकडे नीट बघितलं आणि पोराला पाणी आणायला सांगितलं.

पाटल्या घरी वजन केल्या तेव्हा ३८ ग्रॅम होत्या. लाख निघून लगड ३१ च्या आतबाहेर आली, आईचा चेहरा उतरला पण घडणावळ किती यांनी लिहिलेलं आधी वाचलेलं असल्यामुळं भांडण झालं नाही. टंच मात्र मजेशीर निघाला. एक पाटली जवळपास २२ ची आणि दुसरी बरीच खाली. जोडीतल्या दोन पाटल्या! दुकानातल्या म्हाताऱ्या काकांनी विचारलं केव्हाच्या, आईनं साल सांगितलं, तर ते हसले आणि म्हणाले त्या काळात असंच चालायचं. आई म्हणते एक पाटली हरवली होती आणि आजोबांनी नंतर कुणालाही न सांगता तशीच करून आणली असणार. आत्या म्हणते असं काही झालंच नव्हतं. रात्री जेवताना पण तोच विषय.

खात्रीसाठी समोरच्या दुकानातही मशीनवर लावून बघितलं, आकडा तोच आला. बोरमाळ मोडली नाही, लाखेमुळं हातात फार काही पडत नव्हतं, मामी म्हणाली राहू दे, पुढं सुनेच्या अंगावर शोभेल. पुतळ्या पटवेकऱ्याकडे दिल्या, एका छोट्या ओट्यावर बसतात, अंगठ्यात रेशीम अडकवून गोफ वळतात, हात बघत राहावं असं काम. लाल गोंडा हवा का काळा एवढंच विचारलं, बाकी एक शब्द नाही.

घडणावळ: पहिल्यांदा १३ टक्के सांगितली. मामी उठली. नुसती उठली, काही बोलली नाही, पिशवीची चेन लावली. ९ वर आली. शेवटी साडेआठ. एचयूआयडी तिथंच ॲपवर टाकून बघितला, हार बरोबर निघाला, पोतीच्या वाट्यांचाही. हिशोबी दादा, माझ्या नवऱ्याला फोनवर हिशोब सांगितला तर तो म्हणाला "मामींना पुण्याला घेऊन ये".

बस्ता छान झाला, यादी खूपच कामाला आली. आत्याने आपली साडी आपणच निवडली आणि मग "एवढी महाग कशाला घेतली माझ्यासाठी" असं चार वेळा म्हणाली. शालूला नवरीनं व्हिडिओ कॉलवर तिसराच रंग सांगितला, तो दुकानात होता, सुटलो.

जेवण दुपारी उशिरा झालं, शेवभाजी, कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. आईनं गुडघ्याचं नावही काढलं नाही. दाणा बाजारात डाळ, शेव, खोबरं घेतलं, गोडंबी पहिल्या दुकानातली खवट निघाली म्हणून दुसरीकडनं घेतली. वांगी एवढी घेतली की गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती, आणि हो, सगळे म्हणाले बामणोदचीच आहेत.

संध्याकाळी निघताना बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. सराफातल्या त्याच दुकानासमोरून गेलो, आत तीन रांगा उभ्या होत्या. सकाळचं ते सुख काही औरच.

राहिलं एवढंच की मेहरूणची बोरं घ्यायची होती ती मिळाली नाहीत.

सुभाष_चौकाजवळचा
बोरं अजून थोड्या दिवसांनी बाजारात दिसायला लागतील. संक्रांतीच्या आसपास कोणी येणार असेल तर मागवून घ्या.

घडणावळ_किती
साडेआठ चांगली लागली हाराला. मामींना नमस्कार सांगा. बिल जपून ठेवा, पुढं हाच हार मोडायची वेळ आली तर बिलावरचं निव्वळ वजन दाखवायला लागेल.

तापीथडी
हाऊ मामीना नंबर आमले बी देवा 😄

खामगाववाला
धागा वाचून आम्हीपण यायचं ठरवतोय, मुलीचं लग्न आहे. पुढच्या कार्तिकी एकादशीच्या दिवशी सुट्टी मिळतेय तर तेव्हा आलं तर चालेल का? गर्दी असते का?

निंबाखालचा_ओटा
भाऊ, त्या दिवशी श्रीराम रथ असतो! जुन्या जळगावच्या राम मंदिराचा, दीडशे वर्षांची परंपरा. रथ पेठांमधनं फिरतो, चाकाखाली लाकडाच्या मोगऱ्या लावून वळवतात, ते मोगरीवाले बघायलाच लोक येतात. खरेदीला अजिबात येऊ नका, रस्ते वाहनांना बंद असतात आणि सराफाचं निम्मं गाव रथाच्या दोराला असतं. रथ बघायला जरूर या, मुलीला घेऊन या, मुक्काम करा. खरेदी दुसऱ्या दिवशी सकाळी.

खामगाववाला
मुक्कामाला हरकत नाही. मग दोन दिवस धरतो. रथ नीट दिसायला कुठं उभं राहावं?

सुभाष_चौकाजवळचा
रथ चौकाच्या बाजूला लवकर जाऊन जागा धरा, कुठल्या तरी ओट्यावर चढता आलं तर उत्तम. लहान मूल सोबत असेल तर दोराच्या जवळ जाऊ नका. मोबाईल वरच्या खिशात ठेवा, चपला साध्या घाला. आणि रात्री जेवायला उशीर होणार हे गृहीत धरा.

शेवभाजी_जास्त_तर्री
एकादशी आहे भो त्या दिवशी. साबुदाण्यावर राहा, शेवभाजी दुसऱ्या दिवशी.